नववं तिकीट

रूपालीने कापडाचा तुकडा आजीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, इतलीशी गोधडी करनी शे. टीचभर."

फुलवंताबाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग नातीकडे पाहिलं.

"इतलीशी? कोनाले पांघरशी, उंदीरले?"

"पांघराले नही वं. भितीले टांगाले."

"भितीले थंडी वाजस का?"

रूपाली लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवायची. शनिवारी रनाळ्याला घरी आली की काहीतरी नवं घेऊन यायची. या वेळी तिच्या कॉलेजात हातकामाचं प्रदर्शन होतं आणि विषय होता टपालाची तिकिटं. तिकिटासारखी छोटी छोटी ठिगळं जोडून भिंतीवर लावायची गोधडी. शहरात बायका असल्या गोधड्या करतात आणि त्याला कला म्हणतात, असं तिने मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं. फुलवंताबाईंना फोटो फारसे दिसले नाहीत, पण तिकीट हा शब्द ऐकून त्यांचा हात तुकड्यावर थांबला.

या घरात टपालाची तिकिटं एकतीस वर्षं राहिली होती. फुलवंताबाईंचे मालक बन्सीलाल गावचे पोस्टमास्तर होते. तेव्हा पोस्टाला वेगळी खोली नव्हती. याच घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक लोखंडी पेटी, एक तराजू आणि शिक्का एवढं पोस्ट होतं. बाकी घर शेतकऱ्याचं. दाण्यांची पोती पोस्टाच्या भिंतीला टेकलेली असत, आणि मनीऑर्डर घ्यायला आलेला माणूस पोत्यावरच बसे.

"करसू," फुलवंताबाई म्हणाल्या. "नऊ तिकिटं करसू. तीनच्या तीन ओळी."

"नऊच कशाला? मोठी कर ना, पंचवीसची."

"नऊच," त्या म्हणाल्या, आणि पेटी उघडायला उठल्या.

पेटीत जुनी कापडं होती. तिकिटाच्या पांढऱ्या कडेसाठी त्यांनी बन्सीलालचं धोतर काढलं. ते इतकं धुतलेलं होतं की कात्री लागली तरी आवाज होईना. रंगासाठी जुनी लुगडी होती, परकर होते, एक फुलाफुलांचं झबलंही होतं. पहिले चार दिवस त्यांनी फक्त तुकडे कापले. आगपेटीच्या आकाराचा एक तुकडा, त्याला चारी बाजूंनी बोटभर पांढरी कड. कडेवर जवळजवळ धावदोरा घातला की लांबून तिकिटाचे दाते दिसायचे. मग मधे चित्र. चित्रं त्यांना कोणाला विचारायची नव्हती. पहिल्यावर ट्रॅक्टर होता, दुसऱ्यावर कापसाचं बोंड, तिसऱ्यावर आगगाडीचं इंजिन. चौथ्यावर जहाज होतं, आणि त्याचं खरं तिकीट आलं तेव्हा ते पाहून बन्सीलाल म्हणाले होते की आपल्या जिल्ह्यात जहाज कोणी बघितलंय, तापीतली नाव काढायची होती.

सुनेने, दीपमालाने, येता-जाता विचारलं, "आई, इतकं बारीक काम डोळ्यांना झेपतं का?"

"डोळ्यांना नही झेपत," फुलवंताबाई म्हणाल्या. "हाताले माहीत शे."

पहिली आठ तिकिटं आठ पाकिटांवरची होती. आठही पाकिटं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आठही मारवाडातल्या पालीजवळच्या एका गावाहून आली होती, आणि आठही जशी आली तशी परत गेली होती. पत्र पाठवणारा अनोखीबाईचा बाप होता. परत पाठवणारी अनोखीबाई होती. आणि ती का परत पाठवते, हे सगळ्या गावात फक्त फुलवंताबाईंना पुरतं माहीत होतं.

अनोखी लग्न होऊन मारवाडातून रनाळ्याला आली तेव्हा सतरा-अठराची होती. सासऱ्यांचं, भीकमचंदांचं, किराणा आणि कापडाचं दुकान पोस्टासमोर होतं. तिला इथली भाषा येत नव्हती आणि गावातल्या बायकांना तिची. फुलवंताबाई तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या होत्या. पत्र आलं का हे विचारायला ती दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायची, म्हणून आधी तिला 'पत्र' हा शब्द आला आणि मग बाकीची अहिराणी. वर्षभरात ती अशी बोलायला लागली की दुकानात भाव करणाऱ्या बायका तिच्या तोंडाला लागेनाशा झाल्या.

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिने बापाला पत्र लिहिलं. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सासू पाठवणार नव्हती. तशी रीतच होती. म्हणून तिने लिहिलं, भावाला पाठवा, सातवा लागायच्या आत मला न्या. पाकीट घेऊन ती पोस्टात आली. त्या दिवशी बन्सीलाल नंदुरबारला गेले होते आणि टेबलाशी फुलवंताबाई बसल्या होत्या. तसं त्यांनी बसायचं नव्हतं. सरकारी टपालाला पोस्टमास्तरच्या बायकोने हात लावायचा नव्हता. पण लहान गावात असं चालायचं, आणि बन्सीलाल गावाला गेले की दोन पत्रांवर शिक्के मारून थैली बांधण्याइतकं काम त्यांना यायचं.

तिकिटांच्या तावात त्या वेळी एक पक्ष्याचं नवं तिकीट आलं होतं. निळ्या रंगाचा, मान वळवून मागे बघणारा पक्षी.

"हाईच दे," अनोखी म्हणाली होती. "मन्हा बाप रोज पाखरेसले दाना टाकस. पाखरू देखीसन खूश व्हई."

तिने स्वतःच्या हाताने गोंद लावून तिकीट चिकटवलं आणि गेली.

हेमकांत तेव्हा पाच वर्षांचा होता. आठ दिवसांच्या तापातून नुकताच उठलेला, काही खात नव्हता, कशाने हसत नव्हता. त्याला तो पक्षी दिसला आणि त्याने हट्ट धरला. तावातलं दुसरं तिकीट फाडून द्यायचं तर बन्सीलालचा हिशेब चुकला असता. गोंद अजून ओला होता. फुलवंताबाईंनी नखाने कड उचलली, तिकीट सहज निघालं. पोराच्या हातात देते, दूध पिऊन होईल, मग पुन्हा चिकटवते, असा विचार होता. पोर दूध प्यालं. तेवढ्यात थैली न्यायला येणारा माणूस रोजच्यापेक्षा तासभर आधी दारात उभा राहिला. गाडी लवकर आहे म्हणाला. फुलवंताबाईंनी पत्रांवर धडाधड शिक्के मारले, पाकिटं थैलीत कोंबली, दोरी आवळली. संध्याकाळी दिवा लावताना पोराच्या उशाशी निळा पक्षी दिसला, तेव्हा त्यांना आठवलं.

दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. पण टपालाला हात लावला म्हणून बन्सीलालची नोकरी गेली असती. त्या गप्प बसल्या. आज बोलू, उद्या बोलू करता करता महिना गेला आणि पाकीट परत आलं. त्यावर निळ्या पेन्सिलीने दुप्पट पैशांचा आकडा होता आणि तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, घेण्यास नकार.

बन्सीलालनी ते अनोखीच्या हातात दिलं, तेव्हा फुलवंताबाई आत पीठ मळत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"तिकीट वाटेत पडलं असेल, वहिनी," बन्सीलाल सांगत होते. "पत्र बेरंग झालं, म्हणजे घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरायचे. मोठ्या पेढीवर बेरंग पत्र घेत नाहीत, मुनीमच परत करतो. तुमच्या वडिलांच्या हातात पडलंही नसेल."

अनोखीने पाकिटावरच्या पत्त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अक्षर मन्हं व्हतं, भाऊ. मुनीमले दिसनं नही का? अक्षर देखीसन बी परत कये."

न्यायला कोणी आलं नाही. बाळंतपण रनाळ्यातच झालं आणि रात्रभर तिच्या उशाशी फुलवंताबाईच बसल्या. मुलगा झाला, सगळं सुखरूप झालं. बाप बारशाचं सामान घेऊन आला तर ती खोलीतून बाहेर आली नाही. त्यानंतर सहा वर्षांत त्याची आठ पत्रं आली. दर वेळी ती दुकानाच्या पायरीवरून हात हलवून सांगायची, "परत धाडी द्या, भाऊ." बन्सीलाल पाकिटावर लिहायचे आणि नवा शिक्का मारायचे. नववं पत्र आलं नाही. तार आली, बाप गेल्याची.

अनोखी तेव्हाही गेली नाही.

पुढे दुकान बंद झालं, भीकमचंदांचं कुटुंब नंदुरबारला गेलं, बन्सीलाल वारले, पोस्ट ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत गेलं. दोघी लग्नाकार्यात भेटायच्या, दिवाळीला फोन व्हायचा. पन्नास वर्षं उलटली आणि ती गोष्ट फुलवंताबाईंच्या मनात तशीच राहिली. दुखत नव्हती, पण होती. मात्र यंदाच्या दिवाळीत फोनवर अनोखी अचानक म्हणाली, "फुलवंता, मन्हा बापनी आठ पत्रं धाडी व्हती. एक तरी फोडाले पाहिजे व्हतं वं मी." आणि मग चिवड्यात मीठ जास्त झाल्याचं सांगू लागली.

रूपालीने गोधडीचं काम आणलं ते त्यानंतर दहाव्या दिवशी.

आठ तिकिटं तयार झाली तेव्हा फुलवंताबाईंनी बामच्या बाटलीचं झाकण घेतलं. ते कापडावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि काळ्या दोऱ्याने गोल शिवला, आत त्याहून लहान दुसरा गोल. आठही तिकिटांवर, कोपऱ्यात, अर्धा तिकिटावर आणि अर्धा बाहेर, शिक्का मारतात तसा. मग नववं तिकीट केलं. निळ्या परकराचा पक्षी, मान वळवून मागे बघणारा. त्याच्यावर शिक्का घातला नाही. त्याची वरची कड शिवली नाही, खिशासारखी उघडी ठेवली. बन्सीलालच्या चष्म्याच्या घरातून ते खरं तिकीट काढलं, पन्नास वर्षांत जरा पिवळं पडलेलं, आणि खिशात सरकवलं.

पुढच्या शनिवारी रूपालीने गोधडी हातात घेतली आणि खिडकीशी नेली.

"आजी! काय सुंदर झाली गं! पण या एकावर शिक्का राही गया."

"राही नही गया. तो बसनाच नही."

"म्हणजे?"

मग फुलवंताबाईंनी सांगितलं. मेथी निवडत निवडत, कोणा दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. जुडी संपली तेव्हा गोष्ट संपली, आणि ही गोधडी आता अनोखीलाच धाडायची आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं. रूपाली काही वेळ देठच गोळा करत राहिली.

"आजी, आता कशाला सांगतेस त्यांना? पंचाहत्तरीच्या झाल्या त्या. इतकी वर्षं बापावर रागावल्या, आता कळणार की बापाचा दोषच नव्हता. त्यांना किती लागेल. आणि तुझ्याशी बोलणं टाकलं तर?"

"टाकी."

"टाकलं तर चालेल तुला?"

फुलवंताबाईंनी मेथीच्या पाटीवर फडकं झाकलं. "चालनार नही," त्या म्हणाल्या. "पन ती बापले दोष दी ऱ्हायनी, नि आते सोताले दी ऱ्हायनी. दोष मन्हा शे. मन्हा माले पाहिजे."

"मग फोन कर. नाहीतर मी घेऊन जाते तुला नंदुरबारला. तासाचा रस्ता."

"समोर गेलं की माणूस ये बस म्हणतो, चहा ठेवतो. तोंडावर नाही म्हणता येत नाही कोणाला," फुलवंताबाई म्हणाल्या. आता त्या पोस्टमास्तरच्या बायकोसारखं नीट, सावकाश बोलत होत्या. "पत्र परत करता येतं. तिला ते करता आलं पाहिजे."

गोधडी पिवळ्या पाकिटात घालून रूपालीने त्यावर पत्ता लिहिला. प्रदर्शनाचं काय, हे तिने विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाली, "मला दुसरी करून दे. बिनापाखराची."

सोमवारी फुलवंताबाई काठी टेकत पोस्टात गेल्या. टेबलाशी वीरसिंग होता, तोरणमाळकडचा, तीन वर्षांपूर्वी नेमणूक झालेला. त्याने पाकीट काट्यावर ठेवलं.

"आजी, तिकीट?"

"नाही लावायचं."

"मग हे बेरंग जाईल."

"जाऊ दे."

"समोरच्याला दुप्पट भरावं लागेल. नाही भरलं तर परत येईल तुमच्याकडे."

"मला नियम सांगतोस? तू जन्मला नव्हतास तेव्हापासून या शिक्क्याची शाई मी कालवलीय."

वीरसिंग हसला. "मी नोकरीला लागल्यापासून एकही बेरंग पत्र कोणी टाकलं नाही. हल्ली पत्रच कोण टाकतं? हे कसं नोंदवायचं तेसुद्धा मला पुस्तकात बघावं लागेल."

"मग बघ. तेवढंच शिकशील."

त्याने पुस्तक पाहिलं, कोणाला तरी फोन केला आणि पाकीट थैलीत टाकलं. शिक्का मारायला तिकीट नव्हतं, म्हणून त्याने तो कोऱ्या कोपऱ्यावरच मारला. तो थैलीची दोरी आवळेपर्यंत फुलवंताबाई उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांनी दिवस मोजले नाहीत असं त्या म्हणायच्या. पण रोज दुपारी बाराला त्या अंगणात येऊन बसू लागल्या. वाळत घातलेल्या मिरचीवरची पाखरं हाकलायला, असं दीपमालाला सांगायच्या. मिरचीवर एकही पाखरू नव्हतं हे दीपमालालाही दिसत होतं. चौथ्या दिवशी पत्र नंदुरबारला पोचलं असेल. सहाव्या दिवशी परत यायला हवं होतं. आठव्या दिवशी रूपालीने फोनवर विचारलं, "एकतावहिनीला विचारू का हळूच?" एकता म्हणजे अनोखीबाईची नातसून. फुलवंताबाई म्हणाल्या, "नको."

बाराव्या दिवशी वीरसिंगची सायकल दारात थांबली.

"आजी, बेरंग आहे. पैसे भरावे लागतील."

फुलवंताबाईंनी बसूनच हात पुढे केला. पाकीट त्यांचं नव्हतं. त्यांचं पाकीट पिवळं होतं, हे पांढरं होतं, आणि पत्ता एकताच्या गोल अक्षरात होता. तिकिटाची जागा कोरी होती.

"म्हणजे त्यांनी तुमचं पैसे भरून घेतलं," वीरसिंग म्हणाला. "आणि आता तुम्हाला भरायला लावतायत. काय चाललंय तुमचं दोघींचं?"

"मोजून घे," फुलवंताबाई म्हणाल्या आणि कनवटीचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले.

तो गेल्यावर त्यांनी केसातल्या आकड्याने पाकीट फोडलं. आत गोधडी होती. चिठ्ठी नव्हती. त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, काही पडलं नाही. मग त्यांनी गोधडी मांडीवर पसरली आणि चष्मा पुसला.

आठ तिकिटं होती तशीच होती. नवव्याच्या खिशाची कड आता शिवून टाकलेली होती, एक कोपरा तेवढा सुटला होता. खिशाची कड आता शिवून टाकलेली होती, एक कोपरा तेवढा सुटला होता. आणि पक्ष्यावर काळ्या दोऱ्याचा शिक्का होता. एकच गोल, वेडावाकडा, एका बाजूने चपटा, मधे कुठे दोरा संपून दुसरा जोडलेला. हात कापणाऱ्या आणि सुईत दोरा दुसऱ्याकडून ओवून घेणाऱ्या बाईचं काम. टाके इतके ओढून घातले होते की पक्ष्याच्या छातीवर कापड गोळा झालं होतं.

शनिवारी रूपालीने ते पाहिलं. "म्हणजे माफ केलं का, आजी?"

"देख ना, दोरा कितला वढेल शे. राग शे तिले."

"मग शिक्का का मारला?"

"पत्र गयं आते," फुलवंताबाई म्हणाल्या. "शिक्का बसना की पत्र जास."

आणि मग त्या थांबल्या. बापाला लिहिलेल्या त्या बेरंग पत्रात काय होतं ते त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं. अनोखीने पत्र टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं होतं, तिच्या भाषेतून त्यांच्या भाषेत करून. भावाला पाठवा. मला न्या.

रविवारी सकाळी हेमकांत शेताकडे निघाला होता. छप्पन वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. फुलवंताबाई नवं लुगडं नेसून गाडीशी उभ्या होत्या. हातात पिशवी होती. पिशवीत नारळ, खण, आणि न्यायला जाताना देतात तेवढी साखर.

"माय, आज मिरची तोडाले बाया येल शेतस, नि तू कोठे निंघनी?"

"नंदुरबार. अनोखीले लेवाले."

"आज? त्यास्नी बलायेल शे का आपले?"

"पन्नास वर्सं व्हयनात बलायाले."

हेमकांतने आईकडे पाहिलं, मग रूपालीकडे. रूपालीने नजर दुसरीकडे वळवली. त्याने दार उघडून दिलं.

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना मिरची पसरलेली होती, बायका रांगेने बसून देठं मोडत होत्या. हेमकांतने काच वर केली, तरी ठसका लागलाच.

"हेमकांत, तुले निळं पाखरू याद शे का? तिकिटवरनं?"

"कसानं तिकीट?"

"काही नही. तू दूध पेत नव्हता."

तो हसला आणि गाडी हळू केली, पुढे बैलगाडी होती. ती ओलांडून गेल्यावर त्याने विचारलं, "माय, पन ती मावशी ई का आपलासंगे? नही म्हने तर?"

"नही म्हनी तर नही म्हनी," फुलवंताबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतला नारळ नीट केला, शेंडी वर करून. "पन लेवाले कोनी तरी जावाले पाहिजे."